ऑटो आणि हात

अकरा वर्षं मी आतून आकडा ओरडलो
आणि मागीलदारी कुमुदनं केबल बदलली.
"एक" म्हणजे दोन माडांतली लांब तार,
इनास पाडेल्यानं चढवलेली; पैसे घेताना हसला,
"ह्या माडाक नाल्ल उणे, तार चड."
"दोन" म्हणजे विहिरीजवळचा उभा दांडा.
"तीन" कौलांवरची बीम, जी कावळ्यांना जास्त आवडते.
प्लगच्या आट्यांत अजून
वाळलेलं तांदळाचं पीठ सापडतं.
पलीकडचा परदेशी माणूस थांबायचा.
मी म्हणायचो, एक मिनिट, अँटेना बदलतेय.
कोण बदलतंय, ते कधी सांगितलं नाही.

मग तिचा गुडघा.
डिचोलीच्या डॉक्टरांनी पायऱ्या मोजून दिल्या:
दिवसाला वीस.

म्हणून हा डबा.
रिले माझ्याच जुन्या बार्जचे, चोवीस व्होल्टचे.
खाण बंद पडली, बार्ज सारमानसला गंजत राहिली,
पॅनेल सोडवताना सेबी म्हणाला,
"घे रे, मांडवी थोडीच विचारणार आहे."

रेडिओच्या पाठीतून चार बारीक तारा येतात.
आपण कुठल्या बँडवर, ते त्या सांगतात,
न ओरडता. पाच व्होल्ट म्हणजे हो, काहीच नाही म्हणजे नाही.
चाळीस मीटरला पहिली आणि दुसरी जागी.
वीसला पहिली आणि तिसरी.
दहाला पहिली आणि चौथी.
तांदूळ निवडता निवडता कुमुदनं कागद पाहिला:
"पहिलीला सुट्टी नाही वाटतं."

पहिल्या रात्री चाळीसवर सगळं बरोबर.
वीसवर गेलो आणि एसडब्ल्यूआरचा काटा
पार शेवटाला जाऊन टेकला.
भिंतीवर पाल चुकचुकली, मग माझ्या मनात.
डायोड तपासले. रिले सुटताना उलटी लाथ मारतो,
ती अडवायला प्रत्येकाच्या पायाशी एक बांधलाय.
सगळे सरळ. सोल्डरही पक्कं.
दीड वाजता ती उठून आली,
केस बांधत दाराशी उभी राहिली.
"परत लाव."
लावलं.
"तू दोन मागतोयस. वाजतोय उजवीकडचा. तो तीन."

तिसरी आणि चौथी तार मी उलट जोडली होती.

आता बँड फिरवला की मागीलदारी टक्.
आत्याला ती पालच वाटते.
दर टक्‌ला जमिनीवर बोट आपटून ती "कृष्ण, कृष्ण" म्हणते;
स्पर्धेच्या रात्री तिचा महिन्याचा जप उरकतो.
वीज गेली की सगळे रिले सुटतात,
तिन्ही अँटेना मुकाट जमिनीला लागतात.
तसंच ठेवलंय, गडगडाटासाठी.

डब्याच्या कडेला एक खटका आहे.
वर "ऑटो", खाली "हात",
कुमुदच्या नेलपॉलिशनं लिहिलेलं.
मी म्हटलं होतं, लागणार नाही कधी.

काल संध्याकाळी वीस मीटरवर होक्काइदोचा एक म्हातारा
खरखरीत विरघळत होता.
निम्मं वाक्य येई, निम्मं तळ्यावरच राही.
मी कशालाच हात लावला नव्हता.
टक्.
खरखर खाली बसली, म्हातारा वर आला,
त्याचा खोकलासुद्धा.
बाहेरून आवाज: "एकवर घातलंय. नुसतं ऐक. बोलू नको,
जाळशील."
त्याचं बोलून होईतो दोघं ऐकत राहिलो,
ती तिथून, मी इथून.
टक्. "आता बोल."
आजच्या वीसातल्या सहा पायऱ्या खर्च झाल्या होत्या.

त्यानं विचारलं, मधेच काय बदललंत?
मी सांगितलं, कोणी बदललं ते.
नाव अक्षर अक्षर करून दिलं:
किलो, युनिफॉर्म, माइक, युनिफॉर्म, डेल्टा.
त्यानं परत म्हणून दाखवलं,
मधलं एक अक्षर वाटेत गळलं.
"माइक राहिलं," ती दारातून म्हणाली.
"सांग परत."